दहावीचे विज्ञान आणि आपली खतावणी

दहावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत एक प्रघात न चुकता पाळला जातो. विज्ञानाची आणि भूमितीची पुस्तके सुतळीने बांधून रद्दीच्या काट्यावर चढतात आणि मुलाचा किंवा मुलीचा अर्ज वाणिज्य शाखेसाठी भरला जातो. यात कोणाची सक्ती असतेच असे नाही. दुकान आहे, पेढी आहे, उद्या कोणीतरी गादीवर बसायचे आहे. मग त्रिकोणमितीचा उपयोग काय, असा सरळ विचार त्यामागे असतो. मी स्वतः १९७८ साली याच वाटेने गेलो. पुढे एम.कॉम. केले आणि बँकेच्या सेवेतील बहुतेक वर्षे चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शाखांत घालवली. त्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. वाणिज्याने मला अन्न आणि प्रतिष्ठा दोन्ही दिले. तथापि निवृत्तीनंतर नातीच्या निमित्ताने नववी-दहावीची विज्ञानाची व गणिताची पुस्तके पहिल्या पानापासून वाचली, त्यांतील उदाहरणे वहीत सोडवली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती समाजबांधवांपुढे मांडावी असे वाटते. जे शास्त्र आपण परके म्हणून सोडून देतो त्याचा कणा जमा-नावे हाच आहे, आणि तो कणा आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

प्रथम एक घडलेली हकिगत सांगतो. गावाचे आणि मालकांचे नाव सांगणे उचित नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील एक राइस मिल आमच्या शाखेची कर्जदार होती. हंगामात त्यांनी २,००० क्विंटल धान १७ टक्के ओलाव्याने घेतले. ते सुकवून ओलावा १४ टक्क्यांवर आणला आणि पुन्हा काटा केला. मालकांचा हिशेब असा, की ओलावा ३ टक्के उतरला, तेव्हा तूट ६० क्विंटल; म्हणजे १,९४० क्विंटल माल भरला पाहिजे. काट्यावर भरला १,९३०. दहा क्विंटल, म्हणजे ४० किलोची पंचवीस पोती कमी! संशय गोदामाच्या चौकीदारावर गेला. माणूस अठरा वर्षांचा जुना. त्याचा पगार रोखण्यात आला आणि पोलिसांत तक्रार देण्याची भाषा सुरू झाली. मालसाठ्याच्या तपासणीसाठी मी त्याच दिवशी तेथे पोहोचलो होतो.

मालकांचे शेजारी, विज्ञानाचे एक सेवानिवृत्त शिक्षक, ओसरीवर बसले होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एका काटापावतीच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या. "शेठजी, उन्हाने पाणी उडाले, दाणा उडाला नाही. तुम्ही हिशेब पाण्याचा धरला; तो दाण्याचा धरा," एवढेच ते म्हणाले.

हिशेब असा. १०० किलो ओल्या धानात १७ किलो पाणी आणि ८३ किलो कोरडा दाणा. सुकवल्यावर दाणा ८३ किलोच राहतो, परंतु आता तो एकूण वजनाचा ८६ टक्के भाग असतो, कारण पाणी १४ टक्के उरले आहे. म्हणून नवे वजन ८३ भागिले ०.८६, म्हणजे ९६.५१ किलो. तूट ३ नव्हे, ३.४९. दोन हजार क्विंटलांवर ती सुमारे ७० क्विंटल होते. काटा बरोबर होता आणि चौकीदारही. मी निघालो तेव्हा तो फाटकाशी उभा होता. शेठजी ओसरीवरून उतरून स्वतः चालत त्याच्यापर्यंत गेले.

यात उच्च गणित कोणते आहे? टक्केवारीचा पाया बदलला, इतकेच. खरेदीवर २५ टक्के असलेला नफा विक्रीवर २० टक्के ठरतो, हे आपल्या घरातील बारावीचे मूल सहज सांगेल. तोच न्याय धानाला लावायचा. वर्षाला दहा हजार क्विंटल धान हाताळणाऱ्या मिलमध्ये हा अर्ध्या टक्क्याचा फरक जवळजवळ ५० क्विंटलांचा होतो. त्याची चोरी म्हणून नोंद करायची की पाणी म्हणून, हे ठरवणारा नियम नववीच्या पुस्तकात छापलेला आहे.

'द्रव्याचे मोजमाप' हे त्या प्रकरणाचे नाव. त्यात द्रव्य अक्षय्यतेचा नियम येतो. रासायनिक क्रियेत जितके द्रव्य आत जाते तितकेच बाहेर येते. रूप बदलते, बेरीज बदलत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या अँत्वान लाव्हाझिए याने तराजूच्या बळावर हा नियम प्रस्थापित केला. हा गृहस्थ राजाच्या करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळीत भागीदार होता. दिवसभर हिशेब, आणि सकाळी व रात्री प्रयोगशाळा, असा त्याचा क्रम. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ साली त्या वसुलीपायीच त्याचा शिरच्छेद झाला. रसायनाला ताळेबंद शिकवणारा माणूस धंद्याने हिशेबनीस होता, हे आमच्या वाणिज्याच्या वर्गात कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आता आपल्या भागातील चुनखडी घ्या. कोरपना, राजुरा या तालुक्यांत सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते या दगडामुळे. चुनखडीचा रेणू मांडला तर कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८ मिळून भार बरोबर १०० होतो. आकडा इतका सोयीचा आहे, की जणू व्यापाऱ्यासाठीच ठरवला असावा. भट्टीत तो दगड तापवला की ५६ भाग कळीचा चुना उरतो आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. म्हणजे शुद्ध चुनखडीचे १०० क्विंटल भट्टीत गेले आणि ५६ क्विंटल चुना निघाला, तर कोणीही काही चोरलेले नाही. पुढे त्या ५६ भागांत १८ भाग पाणी घालून चुना विरवला की ७४ होतात. तो भिंतीला लावला की हळूहळू हवेतून तेच ४४ परत घेतो, १८ भाग पाणी सोडून देतो आणि पुन्हा १०० भाग दगड होऊन भिंतीवर घट्ट बसतो. खाते पुरते बंद! घरात दिवाळीपूर्वी चुना लावताना मी लहानपणी अनेकदा पाहिले होते, पण भिंतीवर एवढा चोख व्यवहार चालतो हे साठीनंतर कळले.

समीकरणातील दोन्ही बाजूंचे अणू मोजायला मला माझ्या सूनबाईने शिकवले. ती बी.एस्सी. आहे. संयुजा हा शब्द माझ्या गळी उतरेना, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, संयुजा म्हणजे त्या मूलद्रव्याची पत समजा. हायड्रोजनची पत एकाची, ऑक्सिजनची दोनाची, अ‍ॅल्युमिनियमची तिनाची. देणे-घेणे जुळेपर्यंत जोडत जायचे." अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा व्यवहार मग सहाच्या लसाविवर मिटतो: दोन अणू याचे, तीन अणू त्याचे. पाठ्यपुस्तकातील दोन पानांचे काम तिने दोन वाक्यांत केले. आपल्या कित्येक घरांत विज्ञान शाखेच्या पदवीधर सुना आहेत. त्यांचे ते शिक्षण विवाहाच्या बायोडाटात एका ओळीत येते आणि तेथेच थांबते. घरातील मुले मात्र त्याच विषयाच्या शिकवणीसाठी फी भरून बाहेर जातात. हा व्यवहार कोणत्या खात्यावर टाकावा ते मला उमगत नाही.

लोखंडाची गोष्ट मात्र केवळ घरगुती नाही. ती या मुलखाच्या नशिबाची आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आज सर्वांच्या तोंडी आहे. ते हेमॅटाइट या जातीचे आहे. त्याच्या रेणूत लोहाचे दोन अणू ११२ भाराचे आणि ऑक्सिजनचे तीन अणू ४८ भाराचे, बेरीज १६०. म्हणजे हेमॅटाइट कितीही शुद्ध असले तरी त्यात ७० टक्क्यांहून अधिक लोह असूच शकत नाही. खनिजाच्या व्यवहाराशी ज्यांचा पुढेमागे संबंध येणार आहे, त्यांनी हा एक आकडा तरी पाठ ठेवावा. उरलेला ३० टक्के ऑक्सिजन काढून टाकणे हाच पोलादाच्या धंद्याचा पहिला टप्पा. ते काम कार्बन करतो, कारण भट्टीच्या उष्णतेत ऑक्सिजनला लोहापेक्षा त्याची ओढ अधिक.

गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. १९८२ सालापर्यंत तो चांद्याचाच भाग होता. या चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाविषयी एका जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेदजी टाटा यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम होते आणि वरोऱ्याला कोळसाही निघत होता. दोन्ही एकाच जिल्ह्यात! टाटांनी नमुने मिळवले आणि ते तपासणीसाठी जर्मनीपर्यंत गेले. उत्तर आले, की खनिज चांगले, पण वरोऱ्याचा कोळसा या कामाचा नाही. झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक लागतो. तो उष्णता देतो, ऑक्सिजन काढून घेतो आणि शिवाय वरच्या खनिजाचा भार सोसत घट्ट उभा राहतो, म्हणून वायू वर चढायला वाट मिळते. वर्धा खोऱ्यातील कोळसा तापवला की त्याचा असा कणखर कोक बनत नाही, राख आणि ओलावाही त्यात जास्त. योजना मागे पडली. टाटांची पोलाद कंपनी पुढे १९०७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कारखाने उभे राहिले ते साकची येथे, आजच्या जमशेदपूरला.

मी हे वाचले त्या रात्री बराच वेळ नकाशा पुढे घेऊन बसलो होतो. भूगोल अनुकूल होता, भांडवल तयार होते, माणूस दूरदृष्टीचा होता. आडवे आले ते कोळशाचे रसायन. आणि आज त्याच प्रदेशात, घुग्घुसला, स्पंज आयर्न बनते ते कशामुळे? त्या पद्धतीत खनिज वितळवतच नाहीत. फिरत्या भट्टीत घन अवस्थेतच त्यातील ऑक्सिजन काढून घेतात, त्यामुळे कोळशाला भार सोसावा लागत नाही आणि कोक न होणारा कोळसाही चालतो. कार्बनने ऑक्सिजन काढून घेणे हे तत्त्व तेच राहिले. कोळशाकडून अपेक्षित असलेले काम तेवढे कमी झाले. दहावीचे 'धातुविज्ञान' हे प्रकरण वाचलेल्या माणसाला हा फरक समजतो, आणि जो समजतो तो उद्या या जिल्ह्यात कोणत्या मालाला मागणी येईल याचा अंदाज अधिक चांगला बांधू शकतो.

त्रिकोणमितीविषयी आपल्याकडे सर्वांत अधिक अढी आहे. तिचा व्यवहाराशी संबंध नाही, असे ठामपणे सांगणारे सुशिक्षित लोकही मला भेटले. चंद्रपूरहून रेल्वेने वर्ध्याकडे जाताना भद्रावती, वरोरा यांच्या पुढे हिंगणघाट लागते. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याचा अंत २० जानेवारी १८२३ रोजी तेथे झाला आणि तेथेच त्याचे दफन झाले. १८०२ साली मद्रासजवळ साखळीने साडेसात मैलांची एक पायारेषा त्याने मोजली. त्यानंतर भूमी मोजायची ती मुख्यतः कोनांनी. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू कागदावर निघतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ, अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र टेकड्यांवर चढवीत, तो वीस वर्षे उत्तरेकडे विणत आला होता. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, आणि त्याच मोजणीच्या आधारे राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास जगातील सर्वोच्च शिखराचा हिशेब लावला. शिखरावर पाऊल न ठेवता! आपण ज्याला व्याजावर व्याज म्हणतो, तशी ही मापावर माप चढवण्याची रीत आहे. आणि म्हणूनच पहिली पायारेषा इतक्या काळजीने मोजावी लागते. मुद्दलातच चूक राहिली तर पुढे सर्वत्र ती वाढत जाते.

आपल्या परंपरेला तरी हा विषय अनोळखी नव्हता. नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षांच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. एम. रंगाचार्य यांनी तो १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. त्यात त्रैराशिक आहे, व्याज-मुद्दलाचे मिश्रक व्यवहार आहेत, खोदकामाचे माप आहे आणि अखेरीस छायाव्यवहार, म्हणजे सावलीवरचे गणित आहे. व्याज आणि सावली एकाच ग्रंथात नांदतात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. 'साइन' हा शब्दही मूळचा आपलाच. आर्यभटाची 'ज्या' अरबांनी 'जिबा' अशी लिहून घेतली. पुढे ती 'जैब' अशी वाचली गेली आणि त्या अरबी शब्दाच्या अर्थावरून लॅटिनमध्ये 'सायनस' झाली. हिंदीतला 'जेब', म्हणजे खिसा, हाही त्याच 'जैब'चा वंशज. व्यापाऱ्याने त्रिकोणमितीला घाबरावे असे खरोखर काही नाही.

जंगलखात्यात या विद्येचा रोजचा उपयोग आहे. आलापल्लीच्या जुन्या सागवानाची उंची कोणी शेंड्यावर चढून मोजत नाही. झाडापासून ३० मीटरवर उभे राहिले आणि शेंडा ४५ अंशांच्या उन्नत कोनात दिसला, तर डोळ्यांच्या पातळीपासून वर झाड ३० मीटर आहे. त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची, की झाले. कोन ६० अंशांचा असता तर ३० ला १.७३ ने गुणायचे. घेर मोजायचा तो छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर.

लाकडाच्या धंद्यातील बांधवांसाठी एक गोष्ट अधिक. ओंडक्याचे माप काढताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. ही जुनी रीत सर्वांना पाठ आहे. घेर १.२ मीटर आणि लांबी ३ मीटर असेल तर या रीतीने ०.२७ घनमीटर येते. दहावीच्या 'महत्त्वमापन' प्रकरणातील वृत्तचितीचे सूत्र लावले तर तोच ओंडका ०.३४४ घनमीटरचा भरतो. म्हणजे रीत प्रत्यक्षाच्या ७८.५ टक्केच दाखवते, आणि ओंडका कोणताही असो, हे प्रमाण कायम राहते, कारण ते पायला चाराने भागून येते. ही लबाडी नाही. गोल ओंडका चौरस कापताना जे लाकूड साल आणि फळकुटांत जाते त्याची ती आगाऊ वजावट आहे. पण वजावट किती आहे हे ठाऊक असलेला आणि नसलेला, असे दोन व्यापारी एकाच लिलावात उभे असतील, तर बोली कोण नेमकी लावील हे सांगायला नको.

भौतिकशास्त्राचा विस्तार करीत नाही. वीजबिलातील एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला २९ लाख २० हजार युनिटे देते. सौर पॅनेल विकणारा प्रतिनिधी दुकानात आला तर त्याला किलोवॉट आणि युनिट यांतील फरक विचारून पाहावा. त्यावरून त्याची बरीच परीक्षा होते. आणि आपला कूलर! मे महिन्यात ४६-४७ अंशांत जो वाळ्याचा कूलर खोली सुखद करतो, तोच जुलैत निरुपयोगी का होतो? 'उष्णता' या प्रकरणात अप्रकट उष्मा आणि सापेक्ष आर्द्रता यांत त्याचे उत्तर आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून जितकी उष्णता शोषते, तितकी निर्माण करायला हजार वॉटच्या हीटरला सुमारे ४० मिनिटे लागतात. कोरड्या हवेत ही वाफ झपाट्याने होते, दमट हवेत जवळजवळ थांबते. म्हणून हाच कूलर मुंबईच्या नातेवाइकांना भेट देण्यात अर्थ नाही.

माझ्या नातीने अकरावीला विज्ञान घेतले. घरात थोडी चर्चा झाली, नाही असे नाही. दुकानाचे काय, हा प्रश्न तिच्या काकांनी विचारला आणि तो रास्तच होता. तिने उत्तर न देता मागील हंगामाच्या डाळींच्या तुटीचा तक्ता मागून घेतला आणि ओलाव्याप्रमाणे तो नव्याने मांडून दिला. रविवारचा रोजमेळ आता तीच लिहिते.

ज्यांना आरंभ करावासा वाटेल त्यांनी मोठाले ग्रंथ आणू नयेत. बालभारतीची मराठी पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि त्यांची भाषा स्वच्छ आहे. नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप'पासून सुरुवात करावी, मग 'धाराविद्युत'. दहावीचे 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे', 'उष्णता' आणि 'धातुविज्ञान' त्यानंतर. आवर्तसारणी सुरुवातीला बाजूला ठेवली तरी चालेल. आठवड्याला एक प्रकरण, दुकान वाढवल्यानंतरचा एक तास, आणि उदाहरणे मात्र हाताने सोडवावीत. नुसत्या वाचनाने खतावणी लिहिता येत नाही, तसेच हे. त्रिकोणमिती डिसेंबरसाठी राखून ठेवावी. आपल्या अक्षांशावर त्या महिन्याच्या अखेरीस सूर्य भर दुपारीही ४६-४७ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकीच पडते. तेव्हा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली मोजून तिची उंची काढावी आणि टाकी बसवणाऱ्याच्या बिलाशी ताडून पाहावी.